पूर्णेच्या वरच्या काठावरून

मराठीत पुढाऱ्यांची चरित्रं बहुतेक त्यांच्या बालेकिल्ल्यात लिहिली जातात. लिहिणारा त्यांच्या संस्थेत नोकरीला असतो, छापणारा त्यांच्या जिल्ह्यातला असतो आणि प्रकाशनाला त्यांचाच मुलगा किंवा पुतण्या व्यासपीठावर असतो. शंकरराव चव्हाणांवरचं हे पुस्तक सेनगावात लिहिलं गेलं, हे त्याचं पहिलं वेगळेपण. शंकररावांनी सेनगावकरांकडे स्वतःसाठी कधी मत मागितलं नाही. त्यांचा संसार नांदेडचा, जन्म पैठणचा, विधानसभेची माणसं धर्माबाद-भोकरकडची. आमचा सेनगाव तालुका आधी परभणी जिल्ह्यात होता, १ मे १९९९ पासून तो हिंगोली जिल्ह्यात आला. म्हणजे हे पुस्तक लिहिणाऱ्याला शंकररावांकडून काही मिळालेलं नाही आणि मिळायचंही नाही.

मग शंकररावच का, असं कुणी विचारील. आमच्या हिंगोली मतदारसंघातून गोरेगावचे भाऊराव पाटील तीनदा निवडून गेले, तान्हाजी मुटकुळेही तीनदा गेले. लिहायचंच तर त्यांच्यावर लिहावं. तेही कुणीतरी लिहावंच. पण सेनगाव तालुक्याच्या शेतकऱ्याचं आयुष्य ज्या एका निर्णयमालिकेनं आखलं गेलं, ती मालिका मुंबईतल्या पाटबंधारे खात्यात लिहिली गेली आणि त्या खात्याच्या खुर्चीवर बारा वर्षं हा एकच माणूस बसला होता. येलदरीचं धरण तालुक्याच्या कडेला उभं आहे. जिंतूरहून सेनगावला येताना ते ओलांडून यावं लागतं. ते ज्याच्या कारकिर्दीत पूर्ण झालं, त्याच्याकडे पाहायचा हक्क या तालुक्याला आहे आणि तो कौतुकापुरताच मर्यादित असायचं कारण नाही.

शंकरराव भाऊराव चव्हाणांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, नंतर वकिली केली. पण त्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाचं खरं शिक्षण हैदराबादच्या मुक्तिलढ्यात झालं. स्वामी रामानंद तीर्थ हे त्यांचे गुरू. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी हवी, वाचनालयाला परवानगी हवी, आखाड्यालासुद्धा हवी, असे गश्ती हुकूम होते. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प चालत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. या लढ्यातून निघालेल्या माणसांमध्ये दोन प्रकृती दिसतात. काहीजण कायमचे आंदोलक राहिले, गोविंदभाई श्रॉफ हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. काहीजणांना वाटलं, राज्य आपलं झालं, आता ते नीट चालवायचं. शंकरराव या दुसऱ्या प्रकृतीचे. पुढचं सगळं चरित्र या एका वळणातून समजतं.

१९५६ साली ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात शंकरराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६० पासून १९७२ पर्यंत पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे राहिली. यशवंतराव गेले, कन्नमवार आले आणि वारले, वसंतराव नाईक आले. पाटबंधारे मात्र शंकररावांकडेच. आजच्या मंत्र्याला खातं समजायच्या आतच फेरबदल होतो, म्हणून ही बारा वर्षं नजरेत भरतात. सोपी मात्र ती नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. धरण म्हणजे काय आणि ते चुकलं तर काय होतं, हे त्या पिढीच्या राज्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता आमच्या धरणाकडे. पूर्णा ही गोदावरीची उपनदी. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून येऊन ती बुलढाणा, जालना, परभणी, हिंगोली असा प्रवास करते. तिच्यावर दोन धरणं जोडीनं बांधली, येलदरी आणि सिद्धेश्वर. दोन्ही १९६८ साली पुरी झाली. येलदरी म्हणजे कोठी. तिची एकूण क्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ३३ टीएमसी. तिच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे. टर्बाइन फिरवून पाणी पुन्हा नदीतच सोडतात आणि ते खाली औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात अडतं. कालवा निघतो तो तिथून. येलदरीहून शेताला पाणी देणारा मोठा कालवा निघतच नाही. सिद्धेश्वरपासून पुढे औंढा, वसमत, परभणी, पूर्णा, नांदेड असा लाभक्षेत्राचा पट्टा पसरतो. वसमतला ऊस झाला, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, केळी आली, हळद बहरली.

सेनगाव या सगळ्याच्या वर आहे. कालव्याचं पाणी उताराने जातं, चढत नाही, ही साधी गोष्ट. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांना धरणातून मिळतं ते बॅकवॉटर आणि बुडीत क्षेत्राची अधिसूचना. काठावरची मूठभर माणसं पंप लावतात, त्यांच्या विजेचं भारनियमन वेगळंच. उरलेला तालुका कोरडवाहू: सोयाबीन, तूर, कापूस, थोडी हळद. त्यातही भूगोल असा चमत्कारिक की तालुक्याच्या एका अंगाचं पाणी पूर्णेकडे उतरतं आणि दुसऱ्या अंगाचं कयाधूतून पैनगंगेकडे. उत्तरेच्या शिवेवरून तर पैनगंगा स्वतःच जाते. दोन्ही नद्यांवर मोठी धरणं आहेत आणि दोन्ही धरणांचे कालवे इथून दूर सुरू होतात. पैनगंगेचं इसापूरही खाली आहे.

या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग या धरणांबद्दलचा नाही. तो एका करारासंबंधी आहे. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याबद्दल समझोता झाला. मुख्यमंत्री इकडे शंकरराव, तिकडे जलगम वेंगळराव. गोदावरीचा वाद १९६९ पासून बच्छावत लवादापुढे होता. लवाद चालू असतानाच दोन राज्यांनी बसून वाटण्या ठरवल्या आणि १९८० च्या निवाड्यात त्या तशाच सामावल्या गेल्या. त्यातलं पहिलंच कलम असं की गोदावरीवर पैठणच्या धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत येणारं सगळं पाणी वापरायला महाराष्ट्र मोकळा. त्याखाली, पोचमपाड धरणापर्यंत, नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून आंध्राशी झालेला पुढचा सगळा तंटा या खालच्या ६० टीएमसीच्या हद्दीतला आहे.

या कलमाचा अर्थ सेनगावच्या पारावर कुणी सांगितला असेल असं वाटत नाही. अर्थ असा: सेनगाव तालुक्यात पडून पूर्णेला मिळणाऱ्या पावसाच्या थेंबावर दुसऱ्या कुठल्याही राज्याचा दावा नाही. तो अडवायला आंध्राची, आता तेलंगणाची, परवानगी लागत नाही. अडवायचा की नाही, कुठे अडवायचा, हा फक्त महाराष्ट्राचा प्रश्न आहे. हक्क १९७५ साली मिळाला. पाणी मिळालं नाही. शंकररावांचं मोठेपण आणि त्यांच्या कामातली उणीव एकाच ठिकाणी पाहायची असेल तर ती या दोन वाक्यांत आहे, आणि हे चरित्र वाचताना मी तरी तेच मनात धरून वाचलं.

एक खुलासा लगेच केला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मोठं धरण आधी, कालवा नंतर, लहान तलाव आणि उपसा योजना सवडीने, हा क्रम शंकररावांनी शोधून काढलेला नव्हता. सगळा देश तेव्हा त्याच क्रमाने चालला होता. मराठवाड्यात तर काहीच नव्हतं. निजामाने निजामसागर बांधला तो तेलंगणात. गोदावरी पैठणपासून नांदेडपर्यंत मराठवाड्याच्या अंगावरून जात होती आणि काठावरचा शेतकरी ज्वारीला पावसाची वाट पाहत होता. अशा वेळी हाती खातं आलेला माणूस आधी गोदावरीच अडवणार. जायकवाडीचं धरण मूळ बीड जिल्ह्यातल्या त्या नावाच्या गावाजवळ व्हायचं होतं. ते पैठणला आलं आणि नाव मात्र जुन्या गावाचं राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. भारत-पाकिस्तान युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सत्तावीस दरवाजे, शंभरावर टीएमसी साठा आणि जलाशयाला नाथांचं नाव. पैठणात जन्मलेल्या मुलाने पैठणला एवढं पाणी आणून ठेवलं, यात कुणाला गावप्रेम दिसत असेल तर दिसो. मला त्यात त्या काळाचा ठाम विश्वास दिसतो: सर्वेक्षण करा, आराखडा करा, पैसा उभा करा, भिंत बांधा, माणूस सुखी होईल.

नाथसागराच्या वर नाशिक-नगरमध्ये धरणं झाली आणि आज दर दुष्काळात मराठवाडा वरच्यांशी भांडतो. वरच्याने खालच्याला पाणी सोडावं, समन्यायी वाटप करावं, अशी आपली मागणी असते आणि ती रास्त आहे. पूर्णेवर मात्र आम्हीच वर आहोत आणि तरी कोरडे. शिवाय आमच्याही वर, देऊळगाव राजाजवळ, खडकपूर्णा धरण झालं आणि येलदरी भरायला पूर्वीपेक्षा जास्त पाऊस लागू लागला. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात सेनगावला वरचा असण्याचा तोटा आहे आणि खालचा असण्याचाही. पाणीवाटपाच्या सगळ्या चर्चा ‘वरचे विरुद्ध खालचे’ अशा होतात, त्यात हा तालुका बसतच नाही.

राजकारणाकडे वळू. १९७२ मध्ये शंकररावांकडे कृषिखातं आलं आणि त्याच वर्षी दुष्काळ. लाल मिलो खाल्लेली आणि खडी फोडलेली माणसं सेनगाव तालुक्यात अजून आहेत, त्यांना त्या वर्षाबद्दल वेगळं सांगायला नको. १९७४ मध्ये नोकऱ्यांत आणि विकासात डावललं जातंय म्हणून मराठवाड्यातली मुलं रस्त्यावर आली. वसमतला गोळीबार झाला आणि आंदोलन सगळ्या विभागात पेटलं. पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९७५ ला, मराठवाड्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. दिल्लीला अकरा वर्षं मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक बदलायचे होते, हे त्यामागचं मोठं कारण. पण वसमतच्या गोळीबाराशी त्याचा काहीच संबंध नव्हता, असं निदान आमच्या भागात कुणी मानत नाही.

मुख्यमंत्री म्हणून ते कसे होते, याचे किस्से महाराष्ट्राला पाठ आहेत. हेडमास्तर हे नाव त्यांना तेव्हाच पडलं. सचिवालयाचं त्यांनी मंत्रालय केलं. पाटी बदलण्यामागे विचार होता: राज्य सचिव चालवत नाहीत, लोकांनी निवडलेले मंत्री चालवतात. गंमत अशी की मंत्र्यांचं राज्य म्हणणारा हा माणूस सचिवांनाच जास्त जवळचा वाटे. फाइल वाचून येणारा, टिपणावर प्रश्न विचारणारा, वेळेवर येणारा मंत्री अधिकाऱ्यांना हवाच असतो. कार्यकर्त्याला मात्र काम सांगताना धाक वाटे. बदली, परवाना, कर्ज असलं काही घेऊन गेलेला माणूस बहुधा नियम ऐकून परत येई.

२ ऑक्टोबर १९७५ पासून शेतजमिनीच्या कमाल धारणेचा सुधारलेला कायदा लागू झाला, कोरडवाहूला ५४ एकर, बारमाही पाण्याखाली १८ एकर. गावागावांतल्या देशमुखी-पाटीलकीला हा चटका होता. पण ते दिवस आणीबाणीचे होते आणि शंकररावांच्या पहिल्या कारकिर्दीचा हिशेब तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. शिस्त हा शब्द त्या दीड-पावणेदोन वर्षांत बदनाम झाला. ज्याच्या स्वभावातच शिस्त होती त्याच्या वाट्याला त्या बदनामीचा मोठा हिस्सा आला. या पुस्तकाने या प्रकरणाला हात राखून स्पर्श केला आहे. मला तो हात अधिक सैल हवा होता. नसबंदीच्या मोहिमेत गावोगाव जी धास्ती पसरली, तिचा जाब त्या वेळच्या मुख्यमंत्र्याला द्यावा लागतो. चरित्रकाराला नायक आवडत असला तरी तो जाब टळत नाही.

मे १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं आणि वसंतदादा आले. मग काँग्रेस फुटली, शंकररावांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली, लोक तिला मसका म्हणत. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री म्हणून बसले. ज्यांच्या मंत्रिमंडळात पवार मंत्री होते, ते पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. असला प्रसंग दुसऱ्या एखाद्याने मानापमानाचा केला असता. यांनी खातं चालवलं.

१९८० नंतरची दिल्लीची वर्षं पुस्तकात सविस्तर आहेत, मी ती भराभर ओलांडतो. नांदेडहून लोकसभा, शिक्षणमंत्री, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ऑगस्ट १९८४ मध्ये संरक्षणमंत्री झाले, इंदिराजींची हत्या झाली तेव्हा ते त्याच खात्यात होते. मग राजीव गांधींचे गृहमंत्री, पंजाब आणि आसामचे करार झाले तो काळ. मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना एम.डी. परीक्षेच्या गुणवाढ प्रकरणात जावं लागलं आणि देशाचा गृहमंत्री राज्याचा मुख्यमंत्री होऊन मुंबईला परत आला. असे परत येणारे थोडे.

दुसरी कारकीर्द सव्वादोन वर्षांचीच, पण मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. दोन गोष्टींसाठी. पहिली शून्याधारित अर्थसंकल्प. गेल्या वर्षी इतका खर्च झाला म्हणून यंदा दहा टक्के जास्त, ही सरकारी सवय मोडून प्रत्येक योजनेने शून्यापासून स्वतःची गरज सिद्ध करावी, असा तो आग्रह. राज्यांमध्ये महाराष्ट्राने तो पहिल्यांदा धरला. किती कारकुनांनी त्यांना शिव्या दिल्या असतील! दुसरी आठमाही पाण्याची. कालव्याचं पाणी खरीप आणि रब्बीला द्यायचं, बारमाही उसाला नव्हे, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त शिवार भिजेल. हिशेब बिनतोड होता, म्हणूनच तो साखरेच्या पट्ट्याला सहन होणार नव्हता. जून १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात अर्थमंत्री होऊन गेले. ऊस जिथे होता तिथे राहिला आणि जिथे नव्हता तिथेही गेला. सिद्धेश्वरच्या लाभक्षेत्रातसुद्धा गेला. तो तोडायला ज्या टोळ्या जातात त्यांत कोरडवाहू तालुक्यांतली माणसं असतात. आमच्या तालुक्यातलीही असतात.

१९८९ चा केंद्रीय अर्थसंकल्प त्यांनी मांडला. १९९१ ते १९९६ नरसिंह रावांच्या सरकारात पुन्हा गृहमंत्री. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्या तारखेचा डाग त्या कारकिर्दीवर आहे. त्या वेळचे गृहसचिव माधव गोडबोले, महाराष्ट्राच्याच केडरमधले, नंतर नोकरी सोडून बसले आणि ‘अपुरा डाव’ लिहून मोकळे झाले. गृहखात्याने आधीच योजना तयार केली होती आणि ती वापरली गेली नाही, ही हकिकत त्यात आहे. योजना तयार असणं हे शंकररावांच्या स्वभावाला धरून होतं. ती अमलात आणण्यासाठी पंतप्रधानांशी भांडणं, प्रसंगी राजीनामा भिरकावणं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. फाइलवर योग्य शेरा मारला की आपलं काम झालं, असं मानणारा प्रशासक ऐन वादळात कुठे अपुरा पडतो, ते इथे दिसलं. पुढे मुंबईचे बॉम्बस्फोट, किल्लारीचा भूकंप, गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साटेलोट्यावरची व्होरा समिती. समितीने १९९३ मध्ये दिलेला जेमतेम दहा-बारा पानांचा अहवाल संसदेसमोर आला १९९५ मध्ये.

याच गृहमंत्रिपदाच्या काळात, १९९४ साली, राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळं आली. त्याआधी दांडेकर समितीने अनुशेष मोजला होता, त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने मोजला. सिंचनाचा अनुशेष हा आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या तोंडी रुळलेला शब्द त्या मोजणीतून आला. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. विधानसभेत अनुशेषावर भाषणं अजून होतात.

शंकरराव २६ फेब्रुवारी २००४ ला मुंबईत वारले. जवळपास अर्धं शतक ते सत्तेत किंवा सत्तेच्या शेजारी होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयालाही. मुलगा अशोकराव २००८ मध्ये मुख्यमंत्री झाला. बाप आणि लेक दोघेही मुख्यमंत्री, असं महाराष्ट्रात पहिल्यांदाच घडलं. घराणेशाहीवर लिहायचं तर ते वेगळं पुस्तक होईल आणि त्यात शंकररावांच्या घराची पाळी बऱ्याच जणांनंतर येईल.

विष्णुपुरीचा उल्लेख मात्र असा सोडून देता येत नाही. ती उपसा योजना आहे. गोदावरीत बंधारा घालून पाणी पंपांनी उचलायचं आणि उंचावरच्या शिवारात न्यायचं. आशियातल्या मोठ्या उपसा योजनांत तिची गणना होते. पाणी चढावर नेता येत नाही, हे कारण मग टिकत नाही. खर्च आहे, विजेचं बिल आहे, पंप बंद पडतात, सगळं खरं. पण नांदेडच्या शेतकऱ्यासाठी तो खर्च सरकारने मानला, येलदरीच्या बॅकवॉटरवरून सेनगावच्या माळासाठी मानला नाही. हा दोष एकट्या शंकररावांचा म्हणणं चुकीचं ठरेल. ते गेल्यालाही वीस वर्षं उलटली, मध्ये किती सरकारं आली! तरी आपल्या जिल्ह्यापुरता उपसा जमतो आणि शेजारच्या जिल्ह्याला उताराचा नियम सांगितला जातो, एवढी गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी ऐकून घ्यावी.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या ताकतोडा गावाने गाव विकणे आहे अशी जाहीर हाक दिली. २०२३ च्या नोव्हेंबरात गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढल्याचं सरकारला कळवलं. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या, मथळे मोठे होते. या दोन्ही गावांच्या तालुक्याच्या कडेला ३३ टीएमसीचं धरण आहे, हे त्या बातम्यांत नव्हतं. चरित्राच्या लेखकाने ते लिहिलं आणि शंकररावांच्या आयुष्याला जोडून लिहिलं. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो त्यासाठी.

लेखनाबद्दल दोन शब्द. भाषा आमच्या भागाची आहे, ती पुण्याच्या कानांना अधूनमधून खडबडीत लागेल. तारखा नीट आहेत. पक्षफुटीची प्रकरणं जरा लांबली आहेत, धरणग्रस्तांवरचं प्रकरण मात्र आखूड आहे. येलदरीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली, विस्थापनाच्या वेळी जाणती असलेली माणसं आता थोडीच उरली असतील. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा त्यांना बोलतं करून ते प्रकरण वाढवावं, ही लेखकाला जाहीर सूचना.

वाचकाला एवढंच सांगायचं आहे. हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. सेनगाव तालुक्यातल्या वाचकाने आधी १९७५ च्या कराराचं प्रकरण काढावं. आपल्या शिवारातला ओढा पूर्णेला जातो की कयाधूला, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारून घ्यावं. पूर्णेला जात असेल तर येत्या ग्रामसभेत त्या कलमाची नक्कल ठरावासोबत जोडून पाटबंधारे विभागाकडे पाठवावी, पोच घ्यावी आणि तिची एक प्रत आमदारांनाही द्यावी. शंकरराव फाइल वाचत असत, त्यांच्या मागून आलेल्यांनीही ती वाचावी.